सयाजी पिसाळांची वाकडी मान

आमच्या मशीनमध्ये पडून राहायला माणूस मिळत नाही. नुसतं पडून राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, वर दुपारचं जेवण फुकट. तरी मिळत नाही, कारण पडायचं कुठे, तर जेमतेम खांदे मावतील एवढ्या नळकांड्यात, डोक्याभोवती प्लास्टिकचा पिंजरा आणि डोळ्यांपुढे बाहेरचं दाखवणारा इवलासा आरसा लावून, दीड तास. कॉलेजची धडधाकट पोरं येतात, फॉर्मवर झोकात सही करतात आणि सातव्या मिनिटाला हातातला रबरी फुगा दाबून बाहेर काढा म्हणून ओरडतात. मी हसत नाही असं त्यांना सांगते, पण हसते.

मी रुतिका घरत, जासईची. नावड्याच्या पुढे मेंदूवर संशोधन करणारी एक खासगी संस्था आहे, तिथे मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. माणसाला टेबलावर झोपवायचं, आत सरकवायचं, यंत्र चालवायचं, बाहेर काढायचं. बारा वर्षांत किती डोकी आत सरकवली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण पुन्हा पुन्हा आत जाऊनही ज्याने एकदाही फुगा दाबला नाही असं डोकं एकच होतं. ते सयाजी पिसाळांचं. आमच्या रजिस्टरात ते स्वयंसेवक क्रमांक सात.

सयाजीकाका वाई तालुक्यातले. अठराव्या वर्षी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून लागले आणि चाळीस वर्षं त्यांनी गोण्या वाहिल्या. आता रिटायर आहेत. कोपरखैरण्यात दोन खोल्या, पत्नी सत्यभामा आणि एकुलती एक मुलगी ज्ञानेश्वरी. ही ज्ञानेश्वरी आमच्या संस्थेत शास्त्रज्ञ आहे आणि ती पल्स बनवते.

पल्स म्हणजे काय, ते मला माझ्या आईला समजवावं लागलं होतं, तसंच सांगते. एमआरआयमध्ये मोठा चुंबक असतो, आणि त्याच्या आत रेडिओच्या लहरींचा एक झटका डोक्यात सोडतात. तो झटका म्हणजे पल्स. त्याला डोक्यातून जो जबाब येतो, त्याचं चित्र बनतं. नेहमीच्या हॉस्पिटलात ते बिनबोभाट चालतं. पण आमचा चुंबक त्यांच्या दुपटीहून ताकदवान. त्याच्या लहरी एवढ्या आखूड की डोक्यातच एकमेकींना अडवतात. आमच्याकडे हळदीला मांडवाच्या चारी बाजूंना डीजेचे स्पीकर लावतात, तेव्हा एका जागी कान फुटतात आणि दोन पावलं सरकलं की आवाज दबतो, तसं. मेंदूचा मधला भाग लख्ख उजळतो आणि कानशिलाजवळ काळोख. डॉक्टर नेमकं तिथलं काहीतरी बघायला आलेला असतो. मग डोक्याभोवती आठ छोटे अँटेना लावतात, आणि कुठल्याने कधी, किती जोराने बोलायचं हे ठरवून आठांची मिळून एक पल्स बांधतात. जोर फार झाला तर डोकं तापतं, म्हणून कमीत कमी ताकदीत सगळा मेंदू सारखा उजळला पाहिजे. हे ज्ञानेश्वरीचं काम. त्यासाठी तिला खऱ्या डोक्याची मापं लागतात, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

तिचं स्वतःचं डोकं चालत नाही. लहानपणी गावाला झाडावरून पडली तेव्हा दंडात स्टीलची पट्टी बसवली, ती अजून आत आहे. आमच्या चुंबकाच्या खोलीचा उंबराही तिला ओलांडता येत नाही. ती काचेच्या अलीकडे, संगणकासमोर. ज्या यंत्रासाठी ती रात्रंदिवस डोकं शिणवते त्याला तिने कधी हातही लावलेला नाही.

पहिल्या चार महिन्यांत तिचे सहा स्वयंसेवक पळाले. सातवा म्हणून वडील आले. नात्यातला माणूस घ्यायला आमच्या समितीने खळखळ केली. शेवटी परवानगी मिळाली ती या अटीवर, की प्रत्येक वेळी त्यांना काही त्रास झाला का हे मी, म्हणजे नात्याबाहेरच्या माणसाने, विचारून रजिस्टरात लिहायचं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना बाहेर ओढलं तेव्हा त्यांचा शर्ट पिळून काढावा इतका ओला होता. आमची खोली थंडगार असते, मी स्वेटर घालून बसते. बोटाला लावलेल्या चिमट्यावर नाडी एकशे बावीस दाखवत होती.

"काका, काय झालं? गरम झालं का आत?"

ते टेबलावर उठून बसले. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. "न्हाय. गरम न्हाय. भ्यालो."

"मग फुगा का नाय दाबला?"

"पोरगी बसलीया न्हवं पलीकडं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, लिवू नगा. घाम लिवला की तिला वाटंल तिच्या त्या पल्सनं मला तापवलं. जोर कमी करंल, सगळं पैल्यापासनं मांडंल. जेवताना रोज सांगती ती, मला समदं ठाव हाय."

"मग भीती वाटली असं लिहिते."

"मंग ती मला आत घालायची न्हाय. आन् दुसरं कोन येनार हाय तिला?"

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे जासईत शेंबडं पोर सांगेल. पण त्या दिवशी मी त्यांना टॉवेल दिला, पिशवीतला दुसरा शर्ट त्यांनी घातला, आणि 'त्रास' या रकान्यात मी लिहिलं, काही नाही.

"तिचं काम पास झालं की मी सुटलो," ते म्हणाले. "तवर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

पास होणं म्हणजे, ती पल्स नव्या, अनोळखी डोक्यांवर चालवून दाखवायची. सगळीकडे सारखा उजेड पडला की काम मंजूर, आणि काकांची सुटका. दोन वर्षं ते या एका गोष्टीवर डोळा ठेवून आत जात राहिले. अडतीस वेळा. अडतीस वेळा मी तो ओला शर्ट बघितला आणि अडतीस वेळा 'काही नाही' लिहिलं. घरी जेवायला बसले की आई विचारायची, "काय झायलं गो तुला?" मी म्हणायची, काही नाही. तेच तिलाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसत होती. काकांचं डोकं पिंजऱ्यात सरळ बसत नसे. थोडं डावीकडे वळलेलं, रोज तेवढंच. मी सरळ करायची, दोन मिनिटांत पुन्हा तिथेच. ज्ञानेश्वरी माइकवर म्हणाली होती, "राहू दे गं, आण्णांची मान ओझ्याने वाकलीय. फोर्स नको करूस." आम्हाला ते पटलं. माथाडीची मान, वाकणारच. मी तर त्या बाजूने कापलेला स्पंजचा तुकडा खास त्यांच्यासाठी करून ठेवला होता. फार काळजी घेतोय असं वाटायचं मला.

गेल्या डिसेंबरात ज्ञानेश्वरीची पल्स तयार झाली. काकांच्या डोक्यावर तर ती अशी चालली की आमचे थोरले शास्त्रज्ञ खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी आले. मेंदूभर सारखा उजेड, आणि ताकद ठरलेल्या मर्यादेच्या निम्मीच. काका त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. मग चार नवी डोकी बोलावली. चारही जणांच्या उजव्या कानशिलापाशी काळा डाग. चौघांनाही तिथेच, वेगवेगळ्या आकाराची डोकी असून.

समितीने तीन महिने दिले. त्यात सुधारलं नाही तर प्रकल्प बंद, आणि ज्ञानेश्वरीची नेमणूक प्रकल्पापुरतीच. ती काचेआड बसून वडिलांना म्हणाली, "आण्णा, अजून थोडी मापं लागतील. आठ-दहा वेळा यावं लागेल." ते उंबऱ्याशी चप्पल घालत होते. एक पाय चपलेत तसाच राहिला. मग म्हणाले, "येतो की. मला काय काम हाय?"

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. बसमध्ये चढताना म्हणाले, "वाटलं हुतं सुटलो." मला माझाच राग आला, आणि त्यांचाही आला. इतकं सोसायचं कशाला माणसाने?

पुढच्या शनिवारी माझ्या चुलतभावाच्या हळदीसाठी कांदा घ्यायला मी टेम्पो घेऊन वाशीला गेले. काका रिटायर झाले तरी सकाळी तिथे जुन्या टोळीबरोबर चहाला असतात, हे मला माहीत होतं. मला बघून खूश झाले. गाळ्यावर भाव करून दिला, आणि नको नको म्हणत असताना पन्नास किलोची गोणी उचलून डोक्यावर घेतली.

मी बघतच राहिले. गोणी डोक्यावर घेऊन टेम्पोपर्यंत चालत गेलेल्या त्या माणसाची मान खांबासारखी सरळ होती. असणारच! वाकड्या मानेवर पन्नास किलो टिकेल का? चाळीस वर्षं ज्याने डोक्यावर ओझं तोललं त्याची मान आम्ही वाकडी ठरवली. मी बारा वर्षं माणसांची डोकी सरळ करतेय, आणि ती लेक, जिच्याकडे त्यांच्या मेंदूच्या तसूतसूची मापं आहेत. दोघींपैकी एकीनेही मान वर करून या माणसाकडे बघितलं नव्हतं.

"काका, तुमची मान तर एकदम ओके हाय."

ते गोणी ठेवून घाम पुसत होते. पुसायचे थांबले.

"मग आत वाकडी का करता?"

टोळीतल्या एकाने चहा आणून दिला, तो त्यांनी हातातच धरला. "त्यो डोळ्याफुडचा आरसा हाय न्हवं, त्यात सरळ बगितलं तर निस्तं माजं पाय दिसत्यात. जरा डाव्या अंगाला झालं की काचंचा कोपरा दिसतो. ज्ञानाचा खांदा दिसतो. तेवढं दिसलं की मला ऱ्हाता येतंय."

मला वाटलं आता काहीतरी जुनं निघेल. थप्पी कोसळून गोण्यांखाली अडकले असतील, असं काही. विचारलं. ते हसले. "न्हाय वो. कवाच काय अंगावर पडलं न्हाय. का भ्या वाटतं ठाव न्हाय. उगंच वाटतं."

टेम्पो जासईकडे निघाला आणि मला कळलं की आता मी पुरती अडकले. पल्सचं गणित मला येत नाही, पण एवढं कळतं, की त्या आठ अँटेनांच्या पिंजऱ्यात डोकं थोडं फिरलं तरी लहरींचं सगळं चित्र बदलतं. ज्ञानेश्वरीने दोन वर्षं खपून जी पल्स बांधली ती वळलेल्या डोक्यासाठी बांधली होती. सरळ झोपणाऱ्याला ती बसणार कशी? काका ज्या युक्तीने आत टिकून राहिले, त्याच युक्तीने त्यांची सुटका हुकवली होती. हे ज्ञानेश्वरीला सांगायचं तर मान का वळते ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर भीती सांगावी लागणार, आणि भीती सांगितली की अडतीस वेळा लिहिलेलं 'काही नाही' खोटं ठरणार. नोकरी जाऊ शकली असती माझी. शनिवारची हळद, रविवारचं लग्न, मी कुठे काय खाल्लं मला आठवत नाही.

सोमवारी सकाळी मी तिला सगळं सांगितलं. घाम, नाडी, शर्ट, आरसा, खांदा.

सगळ्या अडतीस वेळांची सुरुवातीची चित्रं तिने एकामागून एक उघडली आणि प्रत्येकावर कोन मोजला. नऊ अंश. दहा. नऊ. साडेनऊ. मग माझ्याकडे वळली आणि जी तडकली! "रुतिका, दोन वर्षं तू मला फसवलंस. तो कॉलम कशाला असतो? माझा बाप आत मरत होता आणि मी इथे बसून त्याचे ग्राफ काढत होते, आणि तू टॉवेल देत होतीस!" मी ऐकून घेतलं. सगळं खरंच होतं. समितीला तिने स्वतः कळवलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

दुपारी काका आले. मी कान देऊन ऐकलं की नाही, हे विचारू नका. बाप-लेक बाहेरच्या बाकावर होते आणि दार उघडं होतं.

"आण्णा, एकदा तरी बोलायचंत."

"बोलून काय झालं असतं? तू दुसरा मानूस आनला असतास?"

ती तरी कुठून आणणार होती?

"मग माजी समदी मापं वाया गेली म्हन की." हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात विचारलं की मला दार लावून घ्यावंसं वाटलं.

"वाया नाही," ती म्हणाली. मग खरं ते बोलली. "पण चूक तुमच्या डोक्याच्या वळण्यात आहे, माझ्या पद्धतीत नाही, हे दाखवायला तेच डोकं एकदा सरळ लागेल. दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. आणि ते मी तुमच्याकडे मागणार नाही. विषय संपला. प्रकल्प गेला तर जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे?"

"जाऊ दे म्हटलं ना."

"ज्ञाना, निम्म्या वाटंत गोनी टाकून मी कवा आलोय का?"

ती रडायला लागली. ते तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. समजूत त्यांनीच घालायची, हीसुद्धा तऱ्हाच.

बुधवारी सकाळी दहाला मी त्यांना झोपवलं. या वेळी दोन्ही बाजूंना सारखे स्पंज, डोकं नाकासमोर सरळ. फॉर्मवर ज्ञानेश्वरीने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'स्वयंसेवकास बंद जागेची भीती आहे, केव्हाही थांबवावे.' ते काकांनी वाचलं आणि खाली सही केली. माझ्या जागी यंत्रावर दुसरा टेक्निशियन, दीपेश, बसवला होता. मी आत टेबलाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि त्यांचा पाय धरला. पाय बर्फासारखा होता.

एकूण चोवीस मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांतच जुन्या पल्सचं चित्र आलं असावं, कारण काचेपलीकडे थोरले शास्त्रज्ञ वाकून बघायला लागले. दीपेशने मला बोटाने उजव्या कानशिलाकडे खूण केली. तिथेच काळा डाग, त्या चौघांसारखा. चूक सापडली होती. आता फक्त सरळ डोक्याची नवी मापं घ्यायची राहिली होती. तीही होत आली. शेवटच्या मापाआधी अर्ध्या मिनिटाची शांतता असते, पुढचा आवाज सुरू होण्याआधी.

त्या शांततेत नळकांड्यातून आवाज आला. "ज्ञाना."

"हां आण्णा." ती माइकला चिकटलीच होती.

"मला लई भ्या वाटतंय."

काचेतून मला ती दिसत होती. तिने दीपेशचा हात बाजूला केला आणि तिचं बोट थांबवायच्या बटणावर गेलं. "बंद करते. रुतिका, बाहेर काढ त्यांना."

मी टेबल ओढायला हात घातला.

"बंद करू नगंस," काका आतून म्हणाले. आवाज अगदी नीट होता. "निस्तं सांगितलं तुला."

मला रडू फुटलं. बारा वर्षांत त्या खोलीत मी कधी रडले नव्हते. काचेपलीकडे ज्ञानेश्वरीने बटणावरचं बोट काढलं आणि बोलायच्या बटणावर ठेवलं. "बरं केलंत आण्णा," ती म्हणाली. "साडेचार मिनिटं आहेत. मी इथेच आहे." मग यंत्राचा खडखडाट सुरू झाला. त्या आवाजात आत काही ऐकू जात नाही, हे तिला माहीत होतं, तरी साडेचार मिनिटं तिचे ओठ हलत राहिले.